शब्द हरपले, सूर उरला : पक्षाघातातील श्रवण आणि मेंदूचे दोन गोलार्ध

वातव्याधीच्या चिकित्सेत आपल्या शास्त्राचा अधिकार मोठा आहे, आणि पक्षाघाताचा रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतो. म्हणूनच या विषयात आमच्या हातून घडलेली एक चूक आधी सांगून मग विवेचनाकडे वळणे आम्हांस उचित वाटते.

घनसावंगी तालुक्यातील एका खेड्यातून साठी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ पत्नी आणि मुलासह आमच्या चिकित्सालयात आले. नियमाने वारी करणारे, गावच्या भजनी मंडळात टाळ धरणारे. पत्नीची तक्रार एकच होती, "डॉक्टरसाहेब, कालपासून यांना ऐकूच येईना झालंय. काही विचारलं तर भलतंच बोलतात." हातापायांत बळ होते, चेहरा सरळ होता, चालणे व्यवस्थित होते. कानात मळ आढळला. जालन्यातील लोखंडी सळयांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे काम केलेले, श्रवणशक्ती मंदावलेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. या गृहस्थांनीही तरुणपणी काही वर्षे अशा कारखान्यात काढली होती. बाधिर्याचे निदान आमच्या मनात तत्काळ उभे राहिले. मळ काढला, कर्णपूरण सुचविले, वातहर औषधे दिली आणि तीन दिवसांनी यावयास सांगितले.

तीन दिवसांनी ते आले तेव्हा बाहेरच्या खोलीत स्टीलचे भांडे पडले आणि त्यांनी चटकन मान वळविली. जो बहिरा आहे तो भांड्याच्या आवाजाने का दचकावा? आम्ही त्यांच्या पत्नीला हरिपाठ म्हणावयास सांगितले. दुसऱ्याच चरणाला ते तिच्यात मिसळले. चाल अचूक, ताल अचूक, आणि शब्दही बऱ्याच ठिकाणी बरोबर. मात्र हरिपाठ थांबताच "तुमचे नाव सांगा" या साध्या वाक्याचा अर्थ त्यांना लागेना, आणि उत्तरादाखल जे आले ते वाक्यासारखे वाटणारे पण अर्थशून्य असे काहीतरी होते. कान शाबूत होते. शब्द समजून घेणारे मेंदूतील केंद्र बिघडले होते. त्याच दिवशी सी. टी. स्कॅन झाला, मेंदूच्या डाव्या गोलार्धातील शंखप्रदेशाजवळच्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे दिसले. पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे कारणही सापडले. ते पहिल्या दिवशीच सापडले असते तर दुसऱ्या आघातापासून रक्षण करणारे औषध तीन दिवस आधी सुरू झाले असते. सुदैवाने त्या तीन दिवसांत दुसरा आघात झाला नाही. पण सुदैव म्हणजे चिकित्सा नव्हे.

ग्रंथांत काय आहे आणि काय नाही

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पक्षवधाचे वर्णन करताना उजवे अथवा डावे अंग निकामी होणे, वेदना आणि वाक्स्तंभ ही लक्षणे एकत्र सांगितली आहेत. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात कफयुक्त वायूने शब्दवाहिनी धमन्या आवृत झाल्या असता मूक, मिन्मिन आणि गद्गद हे विकार होतात असे म्हटले आहे. शारीरस्थानाच्या नवव्या अध्यायात तर ऊर्ध्वगामी धमन्यांची कार्ये सांगताना शब्दाचे वहन करणाऱ्या दोन, भाषणाच्या दोन आणि घोषाच्या दोन अशा धमन्या त्यांनी वेगळ्या मोजल्या आहेत. ऐकणे, बोलणे आणि नुसता आवाज काढणे या तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या असून त्या वेगवेगळ्या बिघडू शकतात, हे निरीक्षण त्या काळी नोंदले गेले, याचा आपणांस रास्त अभिमान वाटावा.

परंतु येथे थांबणे आवश्यक आहे. वाक्स्तंभ उजव्या अंगाच्या विकारात अधिक आढळतो की डाव्या, हा भेद वरील वर्णनात केलेला नाही. मेंदूच्या दोन गोलार्धांचे ज्ञान संहिताकारांना होते असे म्हणणे, अथवा इडा-पिंगला म्हणजेच हे दोन गोलार्ध असे सांगणे, आमच्या मते ग्रंथांवरही अन्याय आहे आणि रुग्णावरही. जे ग्रंथांत नाही ते निरीक्षणाने जोडून घेणे हीच आपली परंपरा आहे.

दोन कान, दोन गोलार्ध

हे निरीक्षण प्रथम फ्रान्समध्ये झाले. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला ऐकलेले बरेचसे समजत असे, पण त्याच्या तोंडून 'तॅन' या एकाच अक्षरसमूहाखेरीज जवळजवळ काही उमटत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात विकृती आढळली. अशी आणखी उदाहरणे पाहिल्यावर १८६५ मध्ये ब्रोका यांनी मनुष्य डाव्या गोलार्धाने बोलतो असे प्रतिपादन केले. १८७४ मध्ये जर्मनीतील कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार दाखविला : रुग्ण भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि ऐकलेलेही त्याला समजत नाही. आमचे घनसावंगीचे रुग्ण या दुसऱ्या प्रकारातील होते. या विकारसमूहास आज 'वाचाघात' असे म्हणतात.

येथे शरीररचनेतील एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रत्येक कानातून निघालेला संदेश मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत पोहोचतो. विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडे तो अधिक जोराने जातो, इतकेच. म्हणून एकाच गोलार्धाला आघात झाला तर सहसा कोणताही कान बहिरा होत नाही. आवाज येतो, दिशा कळते, भांडे पडल्याचे समजते. फक्त शब्दाचा अर्थ लागत नाही.

निरोगी माणसातही हा भेद दाखविता येतो. मॉन्ट्रियल येथील डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे अंक ऐकविले. श्रोत्यांनी उजव्या कानातील, म्हणजे प्रामुख्याने डाव्या गोलार्धाकडे जाणारे, अंक अधिक अचूक सांगितले. पुढे १९६४ मध्ये त्यांनी अंकांऐवजी सुरावटी वापरल्या, तेव्हा डावा कान सरस ठरला.

असे का व्हावे? आज बहुतांशी मान्य असलेले स्पष्टीकरण असे, की डावा गोलार्ध अतिशय जलद बदल टिपण्यात निपुण आहे आणि उजवा गोलार्ध सुराच्या उंचीतील सूक्ष्म फरक टिपण्यात. 'पळ' आणि 'फळ', 'ताट' आणि 'थाट', 'दार' आणि 'धार' या जोड्या म्हणून पाहाव्यात. त्यांतील भेद सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजावा लागेल इतक्या अल्प काळात घडतो. तो निसटला की शब्द निसटला. याउलट "आलात." आणि "आलात?" यांत अक्षरे तीच आहेत, फक्त सूर चढला आहे. मॉन्ट्रियल येथीलच फिलिप आल्बुई, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याची सुरेख कसोटी घेतली. दहा वाक्ये आणि दहा चाली यांच्या मिश्रणातून त्यांनी शंभर गीते वाद्यांच्या साथीविना गाऊन घेतली. ध्वनिमुद्रणातील काळाचा तपशील पुसट केला तेव्हा श्रोत्यांना शब्द कळेनासे झाले, पण चाल ओळखता आली. सुराचा तपशील पुसट केला तेव्हा चाल हरवली आणि शब्द राहिले. मेंदूच्या चित्रणात शब्दांचा मागोवा डाव्या श्रवणकेंद्रात आणि चालीचा उजव्या श्रवणकेंद्रात मिळाला.

भजनात शब्द आणि सूर एकाच आवाजातून येतात, आणि तरीही मेंदू त्यांना दोन वाटांनी नेतो. डावी वाट बंद पडली तरी उजवी वाट पुष्कळदा उघडी राहते. आमच्या रुग्णाचा हरिपाठ त्या वाटेने आला होता.

सर्व श्रोते सारखे नसतात

हा नियम भिंतीसारखा अभेद्य नाही, हेही सांगितले पाहिजे. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा मेंदू कलावंत, अशी जी विभागणी जाहिरातींतून आणि शिबिरांतून सांगितली जाते, ती शास्त्राला धरून नाही. दोन्ही गोलार्ध सतत एकत्र काम करतात; भेद आहे तो कलाचा.

हा कल माणसागणिक बदलतो. उजव्या हाताचा वापर करणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांत भाषेचे कार्य मुख्यतः डाव्या गोलार्धात असते. डावखुऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. डायना डॉइच यांनी १९७४ मध्ये वर्णिलेल्या प्रयोगात एक उंच आणि एक नीच स्वर दोन्ही कानांत आळीपाळीने, परस्परविरुद्ध क्रमाने ऐकविला जातो. प्रत्यक्षात दोन्ही कानांना दोन्ही स्वर मिळतात. परंतु उजव्या हाताच्या बहुतेक श्रोत्यांना उंच स्वर केवळ उजव्या आणि नीच स्वर केवळ डाव्या कानात ऐकू येतो. डावखुऱ्यांत असा ठाम कल दिसत नाही.

अनुभवानेही श्रवण बदलते. बेव्हर आणि किआरेलो यांना १९७४ मध्ये असे आढळले, की संगीताचे शिक्षण नसलेले श्रोते सुरावट डाव्या कानाने चांगली ओळखतात, तर शिक्षित संगीतकारांत उजवा कान पुढे जातो. थाई भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. हे सूर ऐकताना थाई भाषकांचा उजवा कान सरस ठरतो, इंग्रजी भाषकांचा ठरत नाही, असे १९७३ मध्ये व्हॅन लँकर आणि फ्रॉम्किन यांनी दाखविले. दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषेत जिभेचे चटकारे ही व्यंजने आहेत. १९९९ मध्ये बेस्ट आणि एव्हरी यांच्या अभ्यासात हे चटकारे ऐकताना झुलू भाषकांमध्ये डाव्या गोलार्धाचा कल दिसला. इंग्रजी भाषकांमध्ये तो दिसला नाही. एकच ध्वनी एका श्रोत्यास शब्द आहे आणि दुसऱ्यास नुसता आवाज. सुश्रुतांनी उच्चाराच्या संदर्भात भाषण आणि घोष असा जो भेद केला, तो श्रवणाच्या बाजूनेही असाच विचारात घ्यावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात याचा थेट उपयोग आहे. येथे मराठीबरोबर दखनी उर्दू, हिंदी आणि तांड्यांवरील गोरमाटी बोलली जाते. रुग्णाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेत व्हावी. अन्यथा भाषेची अडचण आणि वाचाघात यांची गल्लत होईल. हाताविषयी विचारताना "जेवता कोणत्या हाताने?" असे विचारू नये, कारण आपल्याकडे डावखुऱ्यालाही लहानपणीच उजव्या हाताने जेवावयास शिकविलेले असते. विळा कोणत्या हातात धरता, दगड कोणत्या हाताने फेकता, सुई कोणत्या हाताने चालविता, असे विचारावे.

उजव्या गोलार्धाचा आघात

डाव्या गोलार्धाच्या आघातात बहुधा उजवे अंग लुळे पडते आणि वाचा जाते. ते सर्वांच्या ध्यानात येते. उजव्या गोलार्धाच्या आघातात डावे अंग लुळे पडते, पण रुग्ण बोलतो. त्यामुळे "बोलणे शाबूत आहे" असे म्हणून आपण निर्धास्त होतो. अशा काही रुग्णांत सुराचा अर्थ हरवलेला असतो. बोलणे सपाट होते, समोरच्याच्या आवाजातील राग, थट्टा, काळजी त्यांना ओळखता येत नाही. अमेरिकेतील एलियट रॉस यांनी १९८१ मध्ये या लक्षणसमूहाची मांडणी केली. घरची मंडळी म्हणतात, "माणूस दगड झाला." सून रडली तरी सासऱ्याला त्याचे काही नाही, असा गैरसमज होऊन घरे दुरावतात. हा स्वभावाचा नव्हे, श्रवणाचाही विकार असू शकतो, एवढे आपण समजावून सांगितले तरी घरातील कटुता पुष्कळ कमी होते.

चिकित्सालयात पाच मिनिटांत

अचानक "ऐकू येत नाही" किंवा "भलतेच बोलतो" अशी तक्रार आल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो.

१. रुग्णाच्या पाठीमागे टाळी अथवा किल्ल्यांचा आवाज करावा. तो वळला तर बाधिर्यावर विसंबू नये.

२. हाताने अथवा डोळ्यांनी कोणतीही खूण न करता "डोळे मिटा", "जीभ दाखवा" असे सांगावे. मग तेच खुणेने दाखवावे. खुणेने जमते आणि शब्दाने जमत नाही, तर वाचाघाताचा संशय घ्यावा.

३. घड्याळ, चष्मा, चावी यांची नावे विचारावीत. एक छोटे वाक्य पुन्हा म्हणावयास सांगावे.

४. वार क्रमाने म्हणवून घ्यावेत. पाठ असलेले भजन, आरती, नमाजातील पाठ अथवा लहानपणीचे गाणे घरच्यांसोबत सुरू करून पाहावे. गाता येते म्हणून रुग्ण ढोंग करीत आहे असे कधीही समजू नये, आणि गाता येते म्हणून आजार नाही असेही समजू नये.

५. चेहरा वाकडा होणे, एक हात खाली पडणे, तोल जाणे, दृष्टी अकस्मात बिघडणे यांचा शोध घ्यावा. अकस्मात खरोखरीचे बाधिर्य आणि सोबत चक्कर असेल तर तेही मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे लक्षण असू शकते.

यांपैकी काहीही संशयास्पद आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण त्वरित पाठवावा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच देता येते. गुठळी नळीने काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते. अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या खेड्यातून निघालेल्या रुग्णाचा रस्त्यातच पुष्कळ वेळ जातो. त्यात आपल्या दारी आणखी वेळ जाऊ नये. रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. त्या अवस्थेत तोंडाने औषध, तूप, पाणी काहीही देऊ नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. नस्यही करू नये.

औषधालयांच्या मालकांना आमची खास विनंती आहे. बिल्व तैल किंवा क्षार तैल मागण्यास आलेल्या माणसास एकच प्रश्न विचारावा : "त्रास हळूहळू वाढला की एकाएकी झाला?" एकाएकी झाला असे उत्तर आल्यास बाटली देण्यापूर्वी रुग्णालयात जाण्यास सांगावे. एका बाटलीची विक्री जाईल, पण एखाद्याची वाचा वाचेल.

सुराच्या वाटेने शब्दाकडे

तीव्र अवस्था सरल्यावर रुग्ण पुन्हा आपल्याकडे येतो. स्नेहन, स्वेदन, बस्ती यांची योजना आपण रुग्णबल पाहून, रुग्णालयाने दिलेली रक्तदाबाची व रक्त पातळ करणारी औषधे बंद न करता करावी. वाचेसाठी मात्र औषधाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अभ्यास लागतो.

स्वीडनमध्ये १७४५ मध्ये ओलोफ डालिन यांनी उजवे अंग लुळे पडलेल्या आणि वाचा गेलेल्या एका माणसाची नोंद केली आहे. त्याला काही प्रार्थनागीते मात्र म्हणता येत. या जुन्या निरीक्षणाला १९७३ मध्ये बोस्टन येथील अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी उपचाराचे रूप दिले. नेहमीच्या वापरातील छोटे वाक्य, उदाहरणार्थ "पाणी द्या", एक उंच आणि एक नीच अशा दोनच सुरांत संथपणे म्हणावयाचे. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने हलका ठोका द्यावयाचा. आधी दोघांनी मिळून, मग रुग्णाने एकट्याने, आणि शेवटी सूर हळूहळू काढून घेऊन साध्या बोलण्यात. ज्यांना समजते पण बोलता येत नाही, अशा ब्रोकाच्या प्रकारातील रुग्णांसाठी ही पद्धत योजलेली आहे. गुण सुरामुळे येतो की तालामुळे, यावर संशोधकांत मतभेद आहेत. २०११ मध्ये जर्मनीतील बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी ताल आणि पाठांतर यांना अधिक महत्त्व दिले. आपल्या दृष्टीने दोन्ही आपल्याकडे मुबलक आहेत. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब याच जिल्ह्यात आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात असल्याने ताल त्यांत अंगभूतच आहे, आणि ते बालपणी पाठ केलेली माणसे येथे घरोघरी भेटतात.

मात्र एक सावधगिरी हवी. पाठ असलेले म्हणता येणे म्हणजे बोलता येणे नव्हे. हरिपाठ हा दरवाजा आहे. त्यातून आत जाऊन "भूक लागली", "दुखते", "बस्स" ही रोजची वाक्ये मिळवावयाची आहेत. शक्य तेथे वाचा-उपचारतज्ज्ञाचे मार्गदर्शन घ्यावे. मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात कार्य करते. घरच्यांनी एका वेळी एकानेच, समोर बसून, छोट्या वाक्यांत, खुणेची जोड देऊन बोलावे. ओरडून बोलू नये. कान शाबूत आहे.

आमचे घनसावंगीचे रुग्ण आजही पूर्ण बरे नाहीत. लांब वाक्य त्यांना समजत नाही आणि नावे चुकतात. परंतु पत्नीने ताटाकडे बोट दाखवून "जेवता का?" असे विचारले की ते "हो" किंवा "नाही" असे योग्य उत्तर देतात, आणि एकादशीला मंडळात टाळ धरतात. गेल्या भेटीत त्यांनी आमच्याकडे पाहून स्वतःच्या कानावर बोट ठेवले आणि मान हलविली. कान चांगला आहे, असेच त्यांना सांगावयाचे असावे. ते आम्ही पहिल्याच दिवशी ओळखावयास हवे होते.